घरी सोडल्यानंतर

सकाळच्या फेरीत मोठे डॉक्टर खाटेपाशी थांबतात, छाती तपासतात, पायथ्याशी अडकवलेला तक्ता चाळतात आणि पुढच्या खाटेकडे वळता वळता सांगतात, ‘उद्या घरी सोडू.’ एवढ्या शब्दांनी दहा-बारा दिवस धास्तावलेल्या कुटुंबाचा जीव भांड्यात पडतो. मग पुढचे चोवीस तास बिलाचा भरणा, विमा कंपनीची मंजुरी, उरलेली औषधे परत करणे आणि रुग्णवाहिका करावी की टॅक्सी याची विचारपूस यांतच सरतात. आणि ज्या प्रश्नावर रुग्णाचे पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात, तो प्रश्न, म्हणजे या माणसाला न्यायचे कोठे, सोपवायचे कोणाच्या हाती आणि त्या हातांना काय काय करता येते, हा मात्र कोणी विचारीतच नाही.

कचेरीतल्या मामलेदाराची बदली झाली, तर खजिन्यातील रोकडीपासून दप्तरखान्यातील बस्त्यांपर्यंत एकेका नगाची मोजदाद होऊन, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्या झाल्यावाचून कारभाराचा ताबा पुरा होत नाही. रुग्णाच्या बाबतीत मात्र तीन पाळ्यांत राबणाऱ्या शिक्षित परिचारिका, वॉर्डातल्या मावश्या आणि मामा, आहारतज्ज्ञ, व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट अशा अनेकांनी मिळून जे काम रात्रंदिवस केले, ते सारेच्या सारे अर्ध्या तासात, घडी घातलेल्या दोन कागदांच्या आधारे, घरातल्या एका माणसाकडे, बहुधा एका बाईकडेच, वर्ग होते. आपण नेमके काय ताब्यात घेतले, हे तिला कळते ते पहिल्या रात्री, दोनच्या सुमारास, रुग्ण कण्हू लागतो आणि घरात त्याला कुशीवर वळवता येणारे दुसरे कोणी नसते तेव्हा.

रुग्णालयातून सुट्टी होणे आणि आजार बरा होणे या दोन गोष्टी पूर्वी जितक्या जवळ होत्या तितक्या आता राहिलेल्या नाहीत, आणि यात रुग्णालयांचा केवळ लोभ पाहणे अन्यायाचे होईल. शस्त्रक्रियेच्या पद्धती सुधारल्या, भूल देण्याचे शास्त्र सुधारले, माणसाला फार दिवस निजवून ठेवले की त्याचे स्नायू झिजतात, फुप्फुसांत कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी धरतात, हे अनुभवाने सिद्ध झाले. शिवाय रुग्णालयात जे जंतू वावरतात ते औषधांना दाद न देणारे, म्हणून तेथील मुक्काम जितका आखूड तितका चांगला. खाटा थोड्या आणि रुग्ण पुष्कळ, ही सरकारी इस्पितळांची अडचणही खरीच. या सर्वांचा परिणाम असा, की पूर्वी वॉर्डात पार पडणारा बरे होण्याचा मधला काळ आता घरात पार पडतो; आणि घराला त्याची कल्पना कोणी दिलेली नसते. आपल्या प्राचीन वैद्यांची दृष्टी या बाबतीत अधिक रुंद होती, असे मला वाटते. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले, ते वैद्य, औषध, रुग्ण आणि उपस्थाता, म्हणजे जवळ राहून शुश्रूषा करणारा. आणि या चौथ्या पायाच्या अंगी परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण हवेत, असेही त्याने निक्षून सांगितले. यांपैकी अनुराग आपल्या घरांत उदंड असतो. उणीव असते ती पहिल्या गुणाची, ज्ञानाची, आणि ते ज्ञान देण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे.

त्या ज्ञानाचा आरंभ डिस्चार्ज कार्डापासून होतो. हा कागद विम्याच्या दाव्यासाठी जपून ठेवायचा दाखला, अशी सर्वसाधारण समजूत. वस्तुतः ते पुढच्या पंधरवड्याचे आज्ञापत्रक असते आणि तो कागद रुग्णालय सोडण्यापूर्वी, सांगणारे माणूस समोर असतानाच, ओळीने वाचून घ्यावा लागतो. त्यात निदान काय लिहिले आहे, कोणती शस्त्रक्रिया झाली, टाके कधी काढायचे, जखमेला पाणी लागले तर चालेल की नाही, पुन्हा केव्हा दाखवायचे, आणि कोणते लक्षण दिसले तर त्या तारखेची वाट न पाहता ताबडतोब धाव घ्यायची, हे सारे असायला हवे. नसेल तर विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावे. हृदय अशक्त झालेल्या रुग्णाचे वजन रोज सकाळी करावे आणि दोन-तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले, तर ते अंगात पाणी साठल्याचे चिन्ह समजून डॉक्टरांना कळवावे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर तेल चोळीत बसू नये, कारण ती शिरेत धरलेली रक्ताची गाठ असू शकते. रक्त पातळ ठेवण्याची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून, दात काढायचा म्हणूनसुद्धा, आपल्या मनाने बंद करू नये. या साध्या गोष्टी आहेत. पण त्या ठाऊक नसल्यामुळे किती माणसे आठवड्याच्या आत त्याच वॉर्डात परत येतात, हे तेथील कोणतीही सिस्टर सांगेल.

औषधांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ती चूक आमच्या घरी घडलेली आहे. माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि सोळा दिवसांनी एका मोठ्या रुग्णालयातून आम्ही त्यांना घरी आणले. कार्डावर रक्तदाबाची एक गोळी लिहिली होती, तिचे नाव आम्हांला नवे होते. घरच्या डब्यात जुनी एक गोळी होती, ती ते आठ वर्षे घेत आले होते आणि ती बंद करा असे कोणी सांगितले नव्हते, म्हणून आम्ही दोन्ही देत राहिलो. तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसवताच त्यांचे डोळे फिरले. आमच्या गल्लीतल्या वृद्ध डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे उन्हाकडे धरली, बारीक अक्षरातील द्रव्याचे नाव वाचले आणि आमच्यासमोर ठेवली: दोन कंपन्यांची दोन नावे, आत औषध एकच, आणि ते आम्ही दुप्पट देत होतो. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत आलो आहे, की सुट्टीच्या दिवशी घरातला औषधांचा सबंध डबाच रुग्णालयात घेऊन जावा आणि कोणती चालू, कोणती बंद, कोणती बदलली, याचा निवाडा एकेका पाकिटावर बोट ठेवून करून घ्यावा. कागदपत्रांबाबत हक्काचीही एक गोष्ट आहे: रुग्णाने वा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत वैद्यकीय कागदपत्रे द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२चा नियम आहे, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सिद्ध केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, बिलाच्या वादापायी रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही, असेही नमूद आहे.

आता मूळ प्रश्न: न्यायचे कोठे? याचा निर्णय आपण बहुधा आजाराच्या नावावरून करतो, किंवा ‘लोक काय म्हणतील’ यावरून करतो, आणि दोन्ही मार्ग फसवे आहेत. एकाच आजारातून उठलेल्या दोन माणसांपैकी एकाला काठी टेकत न्हाणीघरापर्यंत जाता येते आणि दुसऱ्याला कूस बदलता येत नाही. त्यांची व्यवस्था एक कशी असेल? म्हणून एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर रुग्णाला आज स्वतः काय करता येते आणि काय येत नाही ते लिहावे: उठून बसणे, उभे राहणे, शौचाला जाणे, लघवीवर ताबा, घास गिळणे, औषध आठवणीने घेणे, रात्री हाक मारणे. प्रत्येक न येणाऱ्या कामापुढे ते कोण करील याचे नाव लिहावे, दिवसाचे वेगळे आणि रात्रीचे वेगळे. हा कागद लिहून झाला की निर्णय पुष्कळसा आपोआप होतो, आणि एकच नाव पुनःपुन्हा सर्व ओळींत येऊ लागले, तर तेथे थांबून त्या नावाच्या व्यक्तीला, तिला हे झेपेल का, असे सरळ विचारावे. आपल्याकडे ते विचारण्याची वहिवाट नाही. सून आहे, ती करील; लेक नोकरी सोडून येईल; असे गृहीत धरून पुरुषमंडळी खर्चाची तजवीज करायला निघून जातात, आणि वर्षाकाठी त्या सुनेची कंबर कायमची धरते.

घरीच ठेवायचे ठरले, तर घर आधी तयार करावे लागते आणि त्याला दोन दिवस तरी हवेत. उंचीला योग्य, डोक्याकडचा भाग वर होणारी खाट, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिच्यावर हवेची गादी, कमोडची खुर्ची, चालण्यासाठी वॉकर, न्हाणीघरात धरायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि रात्री पेटता राहील असा मंद दिवा, या वस्तू विकत घेतल्याच पाहिजेत असे नाही. महाराष्ट्रातील लहानमोठ्या कित्येक गावांत एखादे मंडळ, वाचनालय किंवा देवस्थान रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवते, तेथे अनामत ठेवून नाममात्र भाड्याने खाटा, चाकाच्या खुर्च्या, प्राणवायूची यंत्रे मिळतात. आपल्या सार्वजनिक जीवनातील ही इतकी शांत आणि इतकी उपयुक्त संस्था आहे, की तिची माहिती रेशनच्या दुकानासारखी प्रत्येकाला असायला हवी. जो स्वतः हलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबा येथे कातडी मरते आणि शय्याव्रण होते, जे भरायला महिने लागतात. नाकातून नळीने अन्न घालताना आणि नंतर अर्धा-एक तास डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, म्हणजे अन्न श्वासनलिकेत जात नाही. लघवीची पिशवी नेहमी कंबरेच्या खाली राहावी आणि तिला हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. प्राणवायूचे यंत्र चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी यांतले काही पेटवू नये.

घरच्या माणसांना पुरे पडत नाही तेव्हा मदतीला येते ती मावशी. नर्सिंग ब्यूरोतून बारा तासांची किंवा चोवीस तासांची मावशी ठेवणे, ही आता शहरांतली सर्वपरिचित व्यवस्था झाली आहे, आणि तिच्याविषयीचे पुष्कळसे गैरसमज एकच भेद ध्यानात न घेतल्यामुळे होतात: परिचारिका वेगळी आणि परिचारक बाई वेगळी. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, लघवीची वा नाकाची नळी बदलणे, खोल जखमेचे ड्रेसिंग करणे ही नोंदणीकृत परिचारिकेची कामे. तिची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि तो दाखला मागण्यात संकोच करू नये. स्पंज देणे, कपडे बदलणे, बेडपॅन देणे, भरवणे, फिरवणे ही मावशीची कामे. पैसे वाचवण्यासाठी मावशीकडून परिचारिकेचे काम करवून घेणे हे रुग्णाच्या आणि तिच्या, दोघांच्याही जिवाशी खेळणे आहे. ब्यूरोशी ठरवताना दर, पाळीच्या वेळा, सुट्टीच्या दिवशी बदली बाई कोण, दरमहा तिच्या हातात नेमके किती पडते, हे तपशील लिहून घ्यावेत. आणि चोवीस तासांची मावशी म्हणजे चोवीस तास जागी राहणारी बाई नव्हे, हे कुटुंबाने मनाशी पक्के करावे. तिला सलग झोप, वेळेवर जेवण आणि टेकायला स्वतःची जागा लागते. ज्या रुग्णाला रात्रभर पाहावे लागते त्याला दोन माणसे लागतात, येथे काटकसर चालत नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने विधवा व निराधार स्त्रिया परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या, तेव्हा परक्याचे मलमूत्र काढणे हे काम घरंदाज बाईने करावे काय, यावर समाजात केवढा गदारोळ होता. आज त्याच कामावर आपली म्हातारपणे उभी आहेत, तरी करणारीला चहा द्यायचा तो वेगळ्या कपातून, ही रीत काही घरांतून अजून गेलेली नाही. ती जाईल तितकी बरी.

काही रुग्णांना घर आणि रुग्णालय यांच्या मधला मुक्काम हवा असतो. अर्धांगवायू, मेंदूची शस्त्रक्रिया, मणक्याची इजा, खुब्याचे हाड मोडणे, दीर्घकाळ अतिदक्षता विभागात राहिल्याने आलेला कमालीचा अशक्तपणा, या अवस्थांत माणसाला पुन्हा बसायला, चालायला, बोलायला, गिळायला शिकवावे लागते, आणि हे शिकवणे हा आठवड्यातून दोनदा फिजिओ येऊन जाण्याइतका लहान विषय नाही. अर्धांगवायूनंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत अधिक असतो; पुढेही सुधारणा होत राहते, परंतु तो पहिला ओघ पुन्हा येत नाही. नेमके हेच तीन महिने आपल्याकडे ‘जरा ताकद येऊ दे, मग व्यायाम करू’ असे म्हणत विश्रांतीत घालवले जातात, आणि हे मी सर्वांत जास्त कळवळून लिहितो आहे, कारण पाहिलेल्यांपैकी सर्वांत मोठे नुकसान येथेच झालेले पाहिले आहे. पुनर्वसन केंद्रांत फिजिओथेरपिस्ट, दैनंदिन कामे पुन्हा शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा आणि गिळणे यांचे उपचार करणारे तज्ज्ञ हे एका छताखाली असतात. मुंबईत हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हे काम करीत आहे. पुण्याजवळ खडकीला मणक्याच्या इजेने अपंग झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे, आणि चाकाच्या खुर्चीवर बसूनही माणूस किती भरलेले आयुष्य जगू शकतो याचा तो जिवंत दाखला आहे. मोठ्या शहरांत खासगी केंद्रेही निघाली आहेत. त्यांत जाण्यापूर्वी दिवसातून प्रत्यक्ष किती वेळ आणि कोण व्यायाम करवून घेणार, डॉक्टर मुक्कामी असतात की फोनवर, प्रकृती एकाएकी बिघडली तर कोणत्या रुग्णालयात हलवतात, आणि घरच्यांना कोणत्याही वेळी भेटू देतात काय, हे विचारावे; शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या जागेकडे मी तरी पाठ फिरवीन.

हीच कसोटी वृद्धाश्रमांना जोडलेल्या शुश्रूषागृहांना लावावी. आईला किंवा वडिलांना तेथे ठेवणे म्हणजे टाकून देणे, ही समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे आणि तिच्यामागच्या मायेचा मला आदर आहे. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या दोन खोल्यांत, दिवसभर कुलूप घालून एकट्या ठेवलेल्या म्हाताऱ्यापेक्षा, जेथे रात्री हाकेला कोणी ओ देते अशा जागेतला म्हातारा अधिक मायेत असतो, हेही तितकेच खरे आहे. एकदा न सांगता, दुपारी जेवणाच्या वेळी जाऊन यावे. वास घ्यावा, नखे पाहावीत, पाण्याचा पेला हाताशी आहे काय ते पाहावे; तेवढ्याने माहितीपत्रकाहून अधिक कळते.

आणि जो आजार बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्याचे काय? ‘आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या,’ हे वाक्य असंख्य कुटुंबांनी ऐकले आहे, आणि त्यातले पहिले अर्धे वाक्य चूक आहे. आजार हटवता येत नसला, तरी वेदना, धाप, ओकारी, जखमेची दुर्गंधी, झोप न येणे यांवर करण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते करणारे शास्त्र म्हणजे परिहारक किंवा पॅलिएटिव्ह चिकित्सा. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला समुद्राकाठी सुरू झाले. गोव्यातही त्याची शाखा आहे, आणि अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांना तेथे मोल न घेता ठेवून घेतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालते. रुग्णाबरोबर घरचे माणूस तेथे राहते आणि शुश्रूषा शिकून काही दिवसांनी दोघेही घरी परततात, ही त्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट. टाटा रुग्णालयाचे पथक मुंबईतल्या रुग्णांच्या घरी जाऊन पाहते. तीव्र वेदनेवरचे मुख्य औषध मॉर्फिन. अमली पदार्थांच्या कायद्याच्या जाचामुळे कित्येक रुग्णालये ते ठेवीतच नसत, तो जाच २०१४च्या दुरुस्तीने सैल झाला. ‘त्याची सवय लागेल’ या भीतीने घरची माणसे गोळी लपवून ठेवतात. वेदनेने तळमळणाऱ्या मरणोन्मुख माणसाला सवय लागण्याची भीती घालणे याहून क्रूर दुसरे काय असेल, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, ठरलेल्या वेळी दिलेले हे औषध माणसाला अखेरचे बोलणे बोलू देते. या उपचाराकडे अगदी शेवटच्या आठवड्यात धाव घेण्याऐवजी, मुख्य उपचार चालू असतानाच वळले, तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

हे सर्व शहरात राहणाऱ्याला आणि चार पैसे गाठीला असणाऱ्याला शक्य आहे, असे म्हणून कोणी हे पान उलटेल, म्हणून थोडे त्या बाजूचे. बीड, नांदेड, सिंधुदुर्ग येथून मुंबईला आलेल्या रुग्णाला सुट्टी होते, परंतु दर आठवड्याला तपासणीला यायचे असते, आणि मग तो कुटुंबासह परळच्या पदपथावर पथारी पसरतो, हे दृश्य ज्यांना पाहवले नाही त्यांनी या शहरात सावल्या उभ्या केल्या: दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन. रुग्णालयातील समाजसेवा विभागाच्या कार्यकर्त्याला, म्हणजे ज्याला सगळे ‘सोशल वर्कर’ म्हणून ओळखतात त्याला, दाखल झाल्या दिवशीच भेटले, तर अशा जागेची शिफारस आणि निधीची माहिती त्याच्याकडून मिळते. धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्यात, असे आपल्या राज्यात कायद्याने बंधन आहे. दाद धर्मादाय आयुक्तांकडे मागता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतची औषधे आणि फेरतपासणी, तर प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत १५ दिवसांपर्यंतचा असा खर्च धरलेला असतो, आणि तरी कित्येक लाभार्थी बाहेरच्या दुकानातून पदरच्या पैशाने ती औषधे घेताना दिसतात. खासगी विम्यातही सुट्टीनंतरच्या ठरावीक मुदतीतला, पुष्कळदा ६० दिवसांतला, त्याच आजाराचा औषधपाण्याचा आणि तपासण्यांचा खर्च मिळतो, म्हणून पावत्या राखाव्यात. मावशीचा पगार मात्र सहसा त्यात बसत नाही. गावी परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि आशाताईंना डिस्चार्ज कार्ड दाखवून ठेवावे. ड्रेसिंग, टाके, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी यांसाठी शंभर किलोमीटरचा प्रवास करण्याचे कारण नसते.

मनोरुग्णांची सुट्टी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तरी एवढे सांगतो, की २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सुट्टीपूर्वी पुढच्या उपचारांची आखणी करणे रुग्णालयावर बंधनकारक केले आहे, आणि केवळ घरचे न्यायला तयार नाहीत म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असेही सांगितले आहे. घर आणि रुग्णालय यांच्यामधली निवासगृहे सरकारने उभारावीत, हेही त्यात आहे. ती पुरेशी उभी राहिलेली नाहीत, आणि त्याची किंमत बरी झालेली माणसे भिंतींच्या आत मोजीत आहेत.

वडिलांना घरी आणण्याच्या आदल्या रात्रीची एक गोष्ट राहिली. पाळीवर एक मध्यमवयीन सिस्टर होती. दिवसभरात आमच्या हाती कागद पुष्कळ पडले होते, पण ती रात्री अकराला खाटेपाशी आली आणि म्हणाली, ‘काका, उद्यापासून तुम्हीच करायचं ना? मग आज माझ्यासमोर करा.’ एक हात खांद्याखाली, एक खुब्याखाली, गुडघा आधी दुमडून घ्यायचा, आपली कंबर न वाकवता त्यांना आपल्याकडे ओढायचे, पाठीशी उशी, मी चुकलो, तिने पुन्हा करायला लावले, मग माझ्या पत्नीला करायला लावले, मग नळीतून पाणी घालायला लावले, आणि एका औषधाच्या खोक्याच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत वेळा लिहून दिल्या: रात्री दहा, डावी कूस, बारा, उताणे, दोन, उजवी कूस, चार, पुन्हा डावी. ते खोके दीड वर्ष आमच्या भिंतीवर होते. वडील गेल्यानंतर घर रंगवायला काढले, तेव्हा रंगाऱ्याने ते काढून माझ्या हातात दिले. त्यावरच्या ‘दोन’ या अंकाभोवती, रोज रात्री बॅटरीच्या उजेडात बोट टेकवून टेकवून, काळसर डाग पडला होता.